एअर रायफल घेताना आधी नळीचा सांधा तपासा

खानापूरच्या भाच्याला नेमबाजी शिकायची म्हणून बेळगावात एअर रायफल बघायला गेलो, तर दुकानदार दुर्बिणीचंच कौतुक सांगत राहिला. दुर्बीण पुढे कधीही बदलता येते. पैसे नळीला आणि ट्रिगरला द्यावेत.

मधे मोडणारी, म्हणजे छर्रा भरताना नळी सांध्याशी खाली वाकणारी, स्प्रिंगची रायफल असेल तर ती रिकामी असल्याची खात्री करा. नळी बंद ठेवून एक हात दस्त्यावर, दुसरा नळीच्या बाजूला धरा आणि उभी-आडवी हलवा. सांध्याशी जराशीही कटकट जाणवली तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असो. अशी नळी दर वेळी वेगळ्या जागी बसते.

छऱ्याशिवाय चाप ओढून दाखवू देऊ नका; हवेची गादी न मिळाल्याने आतला पिस्टन (हवा दाबणारा दट्ट्या) थेट आदळतो.

शक्य असेल तर दहा मीटरवर कागद लावून टेकूवरून पाच छर्रे मारा. पाचही एकाच ठिकाणी, पण मध्यापासून लांब लागले तरी चालेल, नेम जुळवता येतो. विखुरले तर दुसरे छर्रे वापरून बघा. स्पर्धेच्या निशाणावर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. महाग रायफलीत मुख्यतः हलका, दर वेळी सारखाच सुटणारा ट्रिगर मिळतो. शिकाऊ मुलाला मधल्या किमतीची पुरते.