सीएमडीचं बटण धावपट्टीवर दाबू नका

माझ्या संगणकावरच्या सिम्युलेटरमधल्या बोईंग ७३७-८०० चा ऑटोपायलट जमिनीवर चालू होत नाही. हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर माझे दहा-अकरा दिवस वाचले असते. मी रोज संध्याकाळी लोहगावच्या, म्हणजे पुणे विमानतळाच्या, धावपट्टीवर विमान नेऊन उभं करायची आणि 'सीएमडी ए' हे ऑटोपायलट चालू करायचं बटण दाबत बसायची. दिवा काही लागायचा नाही. मला वाटलं माऊस बिघडला. नवीन माऊस आणला, साडेपाचशे रुपयांचा. तरी नाही.

माझी पार्श्वभूमी सांगते म्हणजे पुढचं समजेल. मी ट्रंक एक्सचेंजला ऑपरेटर होते, एसटीडी घरोघरी पोचायच्या आधीच्या काळात. निवृत्त झाल्यावर भाच्याने एक्स-प्लेन १२ हा सिम्युलेटर आणि त्यावर फुकट मिळणारं झिबोचं ७३७ टाकून दिलं. म्हणाला, "आत्या, तुला दिवे आणि बटणं आवडतात ना, हे घे." विश्रांतवाडीला राहते, खरी विमानं डोक्यावरून जातातच. खाली लिहिलंय ते झिबोवर करून पाहिलेलं आहे. दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये चांगलं बनवलेलं ७३७ असेल तर तिथेही हेच चालेल. एअरबसवाल्यांनी मात्र हे वाचून काही करू नये, त्यांचं तत्त्वज्ञानच निराळं.

मुख्य गोष्ट अशी की टेक-ऑफसाठी ऑटोपायलट 'लावायचा' म्हणजे तो चालू करायचा नाही, त्याच्याकडे कामं बुक करून ठेवायची. आमच्याकडे ट्रंक कॉल बुक व्हायचा तेव्हा चिठ्ठीवर नंबर यायचा, पण कॉल लागलेला नसायचा. माणूस तासभर फोनशी बसून असायचा. ७३७ मध्ये 'आर्म' म्हणजे बुक झालेला कॉल आणि 'एंगेज' म्हणजे लागलेला कॉल. नवशिक्याची नव्वद टक्के गडबड या दोन्हींत गल्लत केल्याने होते, माझी तरी झाली.

आधी सीडीयू, म्हणजे दोन सीटांच्या मधला तो कीपॅडवाला छोटा पडदा. रूट पानावर निघण्याचं आणि पोचण्याचं विमानतळ टाका. मी पुणे ते दिल्ली घेते, कोड व्हीएपीओ आणि व्हीआयडीपी. मग 'डीईपी एआरआर' पानावर जाऊन धावपट्टी निवडा, २८ धरू. धावपट्टी निवडली नाही तर पुढे एलनॅव्ह, म्हणजे ठरलेल्या मार्गावर विमान वळवत नेणारं काम, आर्म होणार नाही, आणि तुम्ही बटणाला शिव्या देत बसाल. रूट ॲक्टिव्हेट करून एक्झिक्यूटचं बटण दाबलं का, तेही पाहा. त्याच्यावरचा दिवा पेटलेला राहिला, तर बदल अजून हवेतच आहे.

मग 'परफ इनिट'. वजन, राखीव इंधन, कॉस्ट इंडेक्स (वेळ वाचवायचा की इंधन, ते सांगणारा आकडा), क्रूझची उंची. हे पान अर्धवट सोडलं तर व्हीनॅव्ह, म्हणजे चढ-उतार आणि वेग सांभाळणारं काम, चालत नाही. पुढे 'एन-वन लिमिट' पान (एन-वन म्हणजे इंजिनाच्या पंख्याचा वेग, टक्क्यांत): ७३७-८०० ला इंजिनाच्या जोराचे, म्हणजे थ्रस्टचे, २६ हजार, २४ हजार, २२ हजार पौंडांचे पर्याय दिसतात. लोहगावची धावपट्टी सुमारे २,५४० मीटर आहे आणि एप्रिलच्या दुपारी पुण्यातली हवा गरम, पातळ, त्यामुळे मी तिथे कंजुषी न करता २६ हजारच ठेवते. मग 'टेकऑफ रेफ'. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) ५ टाका, सीजी, म्हणजे विमानाच्या वजनाचा मध्य, टाका म्हणजे ट्रिमचा आकडा मिळेल, आणि व्ही-वन (यानंतर टेक-ऑफ सोडायचा नाही), व्ही-आर (नाक उचलायचं), व्ही-टू (सुरक्षित चढाईचा) हे तिन्ही वेग स्वतः बटण दाबून स्वीकारा. नाही स्वीकारले तर वेगाच्या पट्टीजवळ 'नो व्हीएसपीडी' येतं. माझ्या ६५ टनांच्या विमानाला परवा १४१, १४२, १४८ मिळाले होते. तुमचे वेगळे असतील, माझे उतरवून घेऊ नका.

याच 'टेकऑफ रेफ'च्या दुसऱ्या पानावर दोन उंच्या असतात, वेग वाढवायची आणि थ्रस्ट कमी करायची. मी दोन्हींत १,५०० ठेवते. या उंच्या जमिनीपासूनच्या. हे 'जमिनीपासून' डोक्यात ठेवा, कारण आता येतोय तो खड्डा मला पुरता भोवला.

वरचं लांबट पॅनल म्हणजे एमसीपी. त्यावर उंचीची खिडकी असते. ती समुद्रसपाटीपासूनची उंची मागते. लोहगाव विमानतळच १,९४२ फुटांवर आहे. मी मुंबईहून उडणाऱ्या कुणाचा व्हिडिओ बघून खिडकीत ३,००० लावले. मुंबई समुद्राकाठी, तिथे ३,००० म्हणजे खरोखर जवळपास ३,००० फूट हवा. पुण्यात ३,००० म्हणजे जमिनीपासून १,०५८ फूट. विमान उडालं, मी खुशीत, आणि ते ३,००० ला येऊन आडवं झालं. वेग वाढवायची उंची १,५०० जमिनीपासून, म्हणजे अल्टिमीटरवर ३,४४२. तिथवर ते पोचलंच नाही! चाकं वर, फ्लॅप ५ लोंबतायत, वेग १६८ वर अडकलेला, खाली दापोडी-सांगवीची घरं दारात उभं राहून बघावीत इतकी मोठी. मी घाबरून सिम्युलेटर बंद केलं आणि देवापुढे दिवा लावला, खरंच.

तेव्हा आता मी ६,००० लावते. पश्चिमेला सह्याद्री आहे, सिंहगडच समुद्रसपाटीपासून ४,३०० फुटांच्या आसपास. उंची लावायच्या आधी अल्टिमीटर तपासा. हवेचा दाब बरोबर भरला असेल तर उभ्या विमानात तो १,९४० च्या आसपास दाखवायला हवा. भारतात दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, विमानात इंच लागलं असेल तर बदला.

एमसीपीची बाकीची कामं डावीकडून उजवीकडे करा, उड्या मारू नका. आधी दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे 'एफ/डी' लिहिलेले खटके, वर. नाक कुठे न्यायचं ते हे पडद्यावर रेघांनी दाखवतात. विमान चालवणाऱ्याच्या बाजूचा आधी. मग ऑटोथ्रॉटलचा, म्हणजे इंजिनांचा जोर स्वतः सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, खटका 'आर्म'वर. वेगाच्या खिडकीत व्ही-टू, इथे १४८. व्ही-टू अधिक वीस लावायची हौस काहींना असते. तसं करू नका, ते विमान स्वतः धरतं. हेडिंगच्या खिडकीत धावपट्टीची दिशा, २८० च्या आसपास. अचूक आकडा चार्टवर पाहा. एलनॅव्ह वापरणार असलात तरी हेडिंग लावून ठेवाच, कारण एलनॅव्हने दगा दिला तर एका बटणात नाक सरळ ठेवता येतं. मग एलनॅव्ह दाबा, व्हीनॅव्ह दाबा. काही जुन्या सॉफ्टवेअरच्या ७३७ मध्ये व्हीनॅव्ह जमिनीवर आर्म होत नाही. तसं असेल तर चडफडू नका, ४०० फुटांच्या वर गेल्यावर दाबा.

दोन्ही बटणांचे दिवे लागतील. इथेच माणूस फसतो. दिव्याने फक्त तुम्ही मागणी नोंदवली एवढं कळतं. आमच्या बोर्डवरही दिवा लागला म्हणजे पलीकडे कुणीतरी रिसीव्हर उचलला इतकंच. दोन माणसं बोलायला लागली की नाही ते कानाने ऐकावं लागायचं. इथे कानाचं काम एफएमए करते.

एफएमए म्हणजे समोरच्या मुख्य पडद्यावर, कृत्रिम क्षितिजाच्या वरती असलेली तीन रकान्यांची पट्टी. डावा रकाना थ्रॉटलचा, मधला डावं-उजवं वळण्याचा, उजवा नाक वर-खाली करण्याचा. वरच्या ओळीत हिरवं, मोठं अक्षर असेल तर ते लागलेलं काम. खालच्या ओळीत पांढरं, छोटं असेल तर बुक झालेलं. नवीन काम लागलं की त्याभोवती हिरवी चौकट १० सेकंद राहते. धावपट्टीवर उभं असताना तुम्हाला दिसायला हवं ते असं: डावीकडे पांढरं 'एआरएम', मध्ये खाली पांढरं 'एलनॅव्ह', उजवीकडे खाली पांढरं 'व्हीनॅव्ह', आणि या पट्टीच्या खाली 'एफडी'. यातलं काहीही नसेल तर निघू नका. मधल्या रकान्यात एलनॅव्ह नसेल तर बहुतेकदा धावपट्टी निवडायची राहिलेली असते, किंवा पहिल्या टप्प्याची दिशा धावपट्टीच्या दिशेशी ५ अंशांच्या आत जुळत नसते.

आता टोगा, म्हणजे टेक-ऑफचा जोर मागायचं बटण. हे थ्रॉटलच्या दांड्यांवर असतं, आणि सिम्युलेटरमध्ये ते माऊसने शोधणं म्हणजे भर गर्दीत चप्पल शोधण्यासारखं. त्यामुळे जॉयस्टिकच्या एका बटणाला ते आधीच नेमून द्या. उडायच्या घाईत सेटिंगच्या पानात शिरू नका.

धावपट्टीवर आल्यावर थ्रॉटल हळू पुढे करून दोन्ही इंजिनं ४० टक्के एन-वनवर स्थिर होऊ द्या. दोन्ही सारखी वाढली का बघा, नाहीतर विमान बाजूला ओढतं. मग टोगा दाबा. डाव्या रकान्यात हिरवं 'एन-वन', उजवीकडे हिरवं 'टीओ/जीए' आलं का? थ्रॉटल स्वतः पुढे सरकेल. तुमच्या घरच्या थ्रॉटलला मोटर नसते, त्यामुळे पडद्यावरचा दांडा एकीकडे आणि तुमच्या हातातला दुसरीकडे असतो. हात शांत ठेवा, नाहीतर दोघांत भांडण लागतं. ८४ नॉटला डाव्या रकान्यात 'टीएचआर एचएलडी' येतं. म्हणजे ऑटोथ्रॉटलने हात काढून घेतला, थ्रस्ट जिथे आहे तिथे राहणार. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी बंद पडलं, आणि मी टेक-ऑफ सोडून दिला. बंद पडलेलं काही नसतं.

फ्लाइट डायरेक्टरची आडवी रेघ सुरुवातीला नाक खाली करायला सांगताना दिसेल, ६० नॉटला ती १५ अंश वर जाते. व्ही-आरला नाक उचला, पण सावकाश, सेकंदाला दोन-अडीच अंश, आणि मग रेघांच्या मागे जा. हे हाताने करायचं काम आहे, ऑटोपायलट इथे अजून आलेलाच नाही.

५० फुटांवर मधल्या रकान्यातलं 'एलनॅव्ह' पांढऱ्याचं हिरवं होतं. चढ दिसायला लागला की चाकं वर. ४०० फुटांवर, म्हणजे पुण्यात अल्टिमीटरवर २,३४२ ला, उजवीकडे 'व्हीनॅव्ह एसपीडी' हिरवं येतं. ८०० फुटांवर 'टीएचआर एचएलडी' जाऊन 'एआरएम' येतं, आणि तुम्ही ठेवलेल्या थ्रस्टच्या उंचीवर 'एन-वन', म्हणजे आता चढाईचा थ्रस्ट. बुक केलेले सगळे कॉल एकेक करून लागत जातात, आणि हे बघायला मला अजूनही मजा येते.

आता सीएमडी ए. जमिनीपासून ४०० फुटांच्या आत नाही. मी अल्टिमीटरवर ३,५०० ला दाबते, कारण तोपर्यंत विमान ट्रिम झालेलं असतं. दाबताना जॉयस्टिकवर जोर असेल तर ते नाकारतं, म्हणून दांडा मध्यावर आणून, हलका हात ठेवून दाबा. दिवा लागला तरी एफएमएच्या खाली 'सीएमडी' हिरवं दिसेपर्यंत हात सोडू नका. आणि दाबायच्या आधी उजव्या रकान्यात व्हीनॅव्ह आहे याची खात्री करा. तिथे अजून 'टीओ/जीए'च असेल आणि तुम्ही सीएमडी दाबलंत, तर विमान 'एलव्हीएल सीएचजी'मध्ये (खिडकीतला वेग धरून चढायची पद्धत) जातं आणि वेगाच्या खिडकीत व्ही-टू अधिक वीस लावून बसतं. माझा तो १६८ नॉटचा आकडा तिथूनच आला होता.

फ्लॅप विसरू नका, ते ऑटोपायलट उचलत नाही. वेगाच्या पट्टीवर हिरव्या रंगात ५, १ असे आकडे दिसतात. वेग वाढताना ५ ओलांडला की फ्लॅप १ वर घ्या, १ ओलांडला की वर. आधी घ्यायची घाई केलीत तर वेग कमी पडतोय हे विमानाचा दांडा जोरजोरात थरथरून सांगतो.

६,००० जवळ येताना वरची उंची मिळाली तर खिडकीत नवा आकडा फिरवा, चढ तसाच चालू राहील. विमान ६,००० ला आडवं झाल्यावर फिरवलात, तर ते जागचं हलणार नाही. मग उंचीच्या खिडकीजवळचं 'एएलटी आयएनटीव्ही' दाबा. हे मला भाच्यानेच सांगितलं, दिल्लीला निघालेलं माझं विमान जुन्नरच्या पुढेही ६,००० वरच चाललंय हे बघून.