आर्कियातील पीसीएनए प्रथिनाची रचना स्वतः कशी वाचावी

आर्किया हे जीवाणूंसारखेच एकपेशीय आणि केंद्रकहीन असले, तरी डीएनएची प्रतिकृती तयार करणारी त्यांची प्रथिने आपल्या पेशींतील प्रथिनांच्या नात्यातली आहेत. शिवाय त्यांची यंत्रणा आटोपशीर असते आणि उष्ण झऱ्यांतल्या आर्कियांची प्रथिने विलक्षण टिकाऊ असतात. म्हणून या विषयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात इथूनच करावी, आणि पहिले प्रथिन म्हणून पीसीएनए निवडावे, असे मला मनापासून वाटते. हे प्रथिन मनगटातल्या कड्यासारखे डीएनएभोवती बसते आणि डीएनएची नवी साखळी जोडणाऱ्या पॉलिमरेज या विकराला (एन्झाइमला) डीएनएवरून निसटू देत नाही. पुढील अभ्यासासाठी पायरोकॉकस फ्युरिओसस या आर्कियाचे पीसीएनए घेतले आहे. इटलीतील व्हल्कानो बेटाच्या उष्ण सागरी गाळातून मिळालेला हा जीव १०० अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जोमाने वाढतो. संगणक, इंटरनेट आणि प्रथिनांच्या रचना त्रिमितीत दाखवणारे, शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य मिळणारे कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते.

प्रथिनांच्या रचनांचा खुला संग्रह असलेल्या प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर ‘१आयएसक्यू’ (1ISQ) ही चार चिन्हांची नोंद शोधावी. अंक आणि अक्षरे इंग्रजीत टाइप करावीत. नोंद उघडल्यावर पडद्यावर पूर्ण कडे दिसले नाही, तर फाइल बिघडली आहे असे समजू नये. ही रचना प्रथिनाच्या स्फटिकावरून काढलेली आहे; स्फटिकाच्या सममितीतून जो भाग पुन्हा पुन्हा तयार करता येतो, तो फाइलमध्ये एकदाच लिहिलेला असतो. म्हणून ‘जैविक जुळणी’चा (इंग्रजीत ‘बायॉलॉजिकल असेंब्ली’चा) पर्याय निवडून तीन घटकांचे, म्हणजे तीन प्रथिन-साखळ्यांचे, कडे उभे करावे. ही पायरी गाळून थेट खाचाखोचा शोधायला लागणाऱ्याला दोन घटकांमधले सांधे दिसतच नाहीत, आणि या प्रथिनाच्या नियंत्रणाची अर्धी गोष्ट त्या सांध्यांतच दडलेली आहे.

कडे समोर आले की आधी त्याचे मधले छिद्र पाहावे. दुहेरी डीएनएची जाडी सुमारे २० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) असते आणि छिद्र त्याहून बरेच रुंद असते, त्यामुळे डीएनए आतून मोकळेपणाने सरकू शकतो. पृष्ठभागाला विद्युतभारानुसार रंग दिल्यास आतली बाजू धनभारित दिसते, कारण आतल्या सर्पिलांवर लायसिन आणि आर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लांची दाटी आहे आणि डीएनएचा कणा ऋणभारित असतो. प्रत्येक घटकात एकसारख्या घडणीचे दोन भाग आहेत, म्हणजे कड्यात एकूण सहा. ई. कोलाय या जीवाणूचे कडे दोनच घटकांचे असते, पण त्यातल्या प्रत्येक घटकात असे तीन भाग असल्याने बेरीज तिथेही सहाच भरते.

आता सावकाश पाहण्याची जागा येते. प्रत्येक घटकातल्या दोन भागांना जोडणारा एक लांब लूप बाहेरच्या बाजूने जातो आणि त्याच्या लगत एक जलविरोधी (पाण्याशी न जमणारी) खाच आहे. या नोंदीत त्या खाचेत ११ अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड बसलेला आढळेल. तो आरएफसी या, कडे उघडून डीएनएवर चढवणाऱ्या प्रथिनाच्या मोठ्या घटकाच्या शेपटाकडचा तुकडा आहे. त्याचा क्रम असा: लायसिन, ग्लुटामिन, ॲलानिन, थ्रिओनिन, ल्युसिन, फिनाइलॲलानिन, ॲस्पार्टेट, फिनाइलॲलानिन, ल्युसिन, लायसिन, लायसिन. ग्लुटामिनला पहिले धरून मोजल्यास चौथ्या जागी ल्युसिन आणि सातव्या जागी फिनाइलॲलानिन येते. पीसीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांतला ‘पिप’ नावाचा आकृतिबंध (ठरावीक क्रम) तो हाच. ही दोन अमिनो आम्ले ठळक रंगात दाखवून पृष्ठभाग अर्धपारदर्शक करावा, म्हणजे त्यांच्या पार्श्वशाखा (मुख्य साखळीतून बाजूला निघणारे अणूंचे गट) खाचेत रुतलेल्या दिसतील. पॉलिमरेज आणि डीएनएचे सुटे टोक कापणारे फेन-१ यांसारखी इतर प्रथिनेही याच खाचेवर हक्क सांगतात. त्यामुळे खाचेत कोण बसले आहे, यावर त्या क्षणी कोणते काम होणार हे बरेचसे ठरते.

यानंतर सांध्याकडे वळावे. दोन शेजारी घटकांमधल्या विरुद्धभारी पार्श्वशाखा निवडून त्यांतील अंतर मोजावे; ४ अँगस्ट्रॉमच्या आत असलेली जोडी आयन-जोडी म्हणून टिपून ठेवावी. मानवी पीसीएनएच्या तुलनेत येथे सांध्यावर मुख्य साखळ्यांमधले हायड्रोजन बंध कमी आहेत, आणि ती उणीव आयन-जोड्या भरून काढतात. १४३ आणि १४७ क्रमांकांच्या ॲस्पार्टेटवर विशेष लक्ष द्यावे, कारण ही दोन्ही बदलून त्या जागी ॲलानिन घातल्यास द्रावणात तीन घटकांचे कडे टिकून राहत नाही. इतक्या मोठ्या प्रथिनाचा आकार दोन अमिनो आम्लांवर तोलला जावा, हे प्रथम समजले तेव्हा मी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिलो होतो.

सांध्याचा हा नाजूकपणा निसर्गही वापरतो. जपानमधील कोदाकारा बेटावरून मिळालेल्या थर्मोकॉकस कोदाकारेन्सिस या आर्कियात ‘टिप’ नावाचे एक छोटे प्रथिन पीसीएनएला बांधले जाते आणि तीन घटकांना एकत्र येऊ देत नाही. कडेच न जुळल्यामुळे त्यावर अवलंबून असलेली कामे थांबतात. म्हणून कोणत्याही नव्या प्रथिनाविषयी ‘हे पीसीएनएला रोखते’ असे वाचले, की ते खाच अडवते की सांधा सोडवते, हा प्रश्न आधी विचारावा आणि रचनेत त्याचे उत्तर शोधावे.

सरावासाठी पुढे नेपल्सजवळच्या आम्लयुक्त उष्ण झऱ्यांतल्या सल्फोलोबस सोल्फाटॅरिकसचे पीसीएनए घ्यावे. तिथे कड्याचे तिन्ही घटक वेगवेगळे आहेत. आधी पहिला आणि दुसरा जुळतात, मग तिसरा येऊन कडे पूर्ण होते. पहिल्या घटकाची पसंती फेन-१ला, दुसऱ्याची पॉलिमरेजला आणि तिसऱ्याची डीएनएचे तुकडे सांधणाऱ्या डीएनए लायगेजला असते. तीनही घटकांना वेगवेगळे रंग देऊन त्यांच्या खाचा एकमेकींवर ठेवून पाहाव्यात, आणि ही पसंती कोणत्या अमिनो आम्लांच्या फरकामुळे येत असावी, ते वहीत क्रमांकांसह लिहून काढावे.