कॅनडाला निघताय? दागिन्यांची यादी आधी करा

जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर पुण्याहून कायमचं राहायला निघताना सीओपीआर (कॅनडात कायमचं राहायला मंजुरी मिळाल्याचा कागद), पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पर्समध्येच हवेत. सीओपीआरवरची मुदत वाढवून मिळत नाही, तिकीट त्या तारखेच्या आतलंच काढा. कॅलगरीला जायचं असलं तरी विमान आधी टोरांटोला उतरत असेल, तर इमिग्रेशन टोरांटोलाच होतं. पुढच्या विमानाला चांगले तीन-चार तास हाताशी ठेवा.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते सोनं! सोबतच्या सामानाची एक यादी आणि मागून येणाऱ्या सामानाची दुसरी, दोन्ही किमतींसह तिथल्या कस्टम्सला द्यायच्या असतात. तुमच्या पाटल्या कोथरूडच्या लॉकरमध्ये असतील आणि पुढच्या फेरीत न्यायच्या असतील, तरी त्या आत्ताच दुसऱ्या यादीत लिहा. नाहीतर नंतर ड्यूटी भरावी लागू शकते. नुसतं ‘पाटल्या’ लिहून भागत नाही. ‘२२ कॅरेट, एक जोड, नक्षीकाम, वजन इतके ग्रॅम’ असं लिहा आणि फोटो जोडा. वजन-किमतीचा कागद लक्ष्मी रोडवरच्या आपल्या नेहमीच्या सराफाकडून करून घ्या.

पीआर कार्ड (कायमच्या रहिवाशाचं ओळखपत्र) टपालाने येतं, म्हणून तिथला पत्ता पोस्टल कोडसकट कागदावर लिहून ठेवा. उतरल्यावर फोन चालेलच असं नाही.