373 सीसी फॉर्म्युला कार नॉइज टेस्टमध्ये पास करायची तर

नॉइज टेस्टला गाडी नापास झाली की पहिला हात जातो ग्लास वूलकडे, म्हणजे सायलेन्सरमध्ये भरतात त्या काचेच्या धाग्यांकडे. सायलेन्सर उघडायचा, आणखी वूल कोंबायचं, बंद करायचा. कानाला आवाज मऊ लागतो, मीटरवरचा आकडा मात्र जेमतेम हलतो. याचं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे.

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. तिच्या नियमांत मायक्रोफोन एक्झॉस्टच्या तोंडापासून 0.5 मीटरवर, तोंडाच्याच उंचीला, 45 अंशांत धरतात. आयडलला 103 आणि टेस्ट स्पीडला 110 डीबी-सी ही मर्यादा. डीबी-सी म्हणजे खालच्या पट्टीचा, जाड आवाजही जवळपास पूर्ण मोजणारं माप; डीबी-ए तो बराच वगळतं. टेस्ट स्पीड पिस्टनच्या सरासरी वेगावरून, म्हणजे 15.25 मीटर प्रति सेकंदावरून काढतात. केटीएम 390 च्या 373 सीसी इंजिनाचा स्ट्रोक 60 मिमी, म्हणून हिशेब 7625 आरपीएमचा. जवळच्या 500 ला धरला की 7500.

एकच सिलिंडर असल्याने 7500 ला सेकंदाला 62.5 ठोके पडतात, म्हणजे 62.5 हर्ट्झ. हाच तो छातीत दणकणारा आवाज. डीबी-ए मध्ये या पट्टीतले साधारण 26 डेसिबल वजा होतात, डीबी-सी मध्ये एकसुद्धा पुरता होत नाही. ग्लास वूल खातं ते वरच्या पट्टीतलं करकरणं. खालचा ठोका मारायचा तर घनफळ लागतं, त्याला पर्याय नाही. ज्या ट्रॅकवर डीबी-ए मध्ये मोजतात तिथे चांगल्या भरलेल्या एका सायलेन्सरवर बऱ्याचदा निभावतं. फॉर्म्युला स्टुडंटला दोन डबे करा: आधी रिकामा, मग वूलचा.

रिकामा डबा 120 मिमी आतल्या व्यासाचा, 400 मिमी लांब. साडेचार लिटर होतो, म्हणजे इंजिनाच्या बारा पट. दहा पटीच्या खाली जाऊ नका. 35 मिमी आतल्या व्यासाच्या नळीला या डब्याने 62 हर्ट्झवर हिशेबाने सहा एक डेसिबल कमी होतात, साडेतीनशे हर्ट्झच्या आसपास पंधरा. आत येणारी नळी 200 मिमी आत घ्या आणि बाहेर जाणारी 100 मिमी. दोन्ही भिंतीलाच संपवल्या तर काही पट्ट्या अडथळ्याविना आरपार जातात, आणि ते मीटरवर लगेच दिसतं.

वूलचा डबाही त्याच मापाचा. आतल्या 38 मिमी बाहेरच्या व्यासाच्या नळीला 3 मिमीची छिद्रं, मध्यापासून मध्य 5 मिमी, चौकटीत. सुमारे 28 टक्के जागा उघडी राहते. छिद्रं हाताने पाडू नका, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला लेझरवर जाळी कापून, रोल करून आर्गन वेल्डिंगने शिवून मिळते. नळीवर आधी स्टेनलेस वूलचा एक थर गुंडाळा, नाहीतर ठोक्यागणिक काचेचे धागे छिद्रांतून बाहेर उडतात. त्यावर लांब धाग्याचं ग्लास वूल, लिटरला 100 ते 120 ग्रॅम, म्हणजे या डब्यात 400 ते 480 ग्रॅम. वजनकाट्यावर मोजूनच भरा. सैल भरलं की ते एका बाजूला बसतं, ठासून भरलं की आवाज आत शिरतच नाही आणि परत फिरतो.

आतली नळी दोन्ही टोकांना वेल्ड करू नका. 400 अंशांनी तापली की 400 मिमीची स्टेनलेस 304 नळी पावणेतीन मिमी वाढते आणि वेल्ड फाटतो. एक टोक वेल्ड, दुसरं बाहीत सरकतं ठेवा. मागचं झाकण पॉप रिव्हेटचं असू द्या, वूल बदलायचंच आहे. पत्रा 1.2 मिमीच्या खाली नको, पातळ पत्रा स्वतःच ढोलासारखा वाजतो. सपाट झाकणही वाजतं, त्याला थोडा फुगवटा द्या.

यातलं काही करण्याआधी गळती शोधा. हेडला एक्झॉस्ट जोडतो तिथली गॅस्केट, लॅम्ब्डा (ऑक्सिजन) सेन्सर बसतो तो बॉस, नळीत नळी सरकवलेला स्लिप जॉइंट. थंड इंजिन चालू करून लगेच एक्झॉस्टच्या तोंडाला जाड ओला फडका दाबा; सांध्यातून फुसफुस ऐकू आली की गळती तिथे. सांधा काळा पडलेला असेल तर शोधायचीही गरज नाही. गळती असताना सायलेन्सरवर खर्च करणं वाया आहे.

जागेची अडचण खरी असते. एक्झॉस्टचं तोंड मागच्या अॅक्सलच्या मध्यरेषेपासून 450 मिमीपेक्षा मागे आणि जमिनीपासून 600 मिमीपेक्षा वर चालत नाही. रिकामा डबा साइडपॉडमध्ये, म्हणजे गाडीच्या बाजूच्या खोक्यात, आडवा बसवा. बॉडीला आच लागते म्हणून एक्झॉस्टच्या नळीवर हेडर रॅपची पट्टी गुंडाळू नका, नियमात बाहेरून तंतुमय गुंडाळीला मनाई आहे. पत्र्याची ढाल हवेची फट ठेवून लावा. डब्यांचे आधार रबरावर.

मोजताना मीटर डीबी-सी आणि फास्ट (जलद प्रतिसाद) सेटिंगवर, मैदान उघडं. कॉलेजच्या वर्कशॉपच्या भिंतीजवळ मोजलं तर परतलेला आवाजही आकड्यात येतो. मोबाइलच्या अॅपवर भरवसा नको, इतक्या आवाजाला त्याचा माइक भरून जातो. आयडलपासून 7500 पर्यंत दर 500 ला आकडा लिहा, सगळ्यात मोठा आवाज कधी कधी मधेच, 5500-6000 ला सापडतो. आकडा एकदमच उसळला तर ईसीयूमधला (इंजिनाच्या कंट्रोलरमधला) मॅप पाहा: विनालोड भागात ठिणगीचं टायमिंग मागे असेल तर जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबतं. थ्रॉटल सोडताना फटाके फुटत असतील तर तिथलं इंधन तोडा.

फॉर्म्युला भारत या इथल्या स्पर्धेसाठी गाडी छत्रपती संभाजीनगरहून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेपर्यंत ट्रकने हजारावर किलोमीटर हादरत जाते. उतरवली की मागचं झाकण काढून वूल बसलंय का ते बोटाने दाबून पाहा. भर घालायला 150 ग्रॅम वूल आणि रिव्हेट गन सोबत ठेवा.