गेममध्ये अडकलेल्यांच्या अ‍ॅनिमेचं परीक्षण कसं लिहावं

‘दुसरा हाफ पकवून राहिला बे’ एवढं नागपुरात ट्रॅफिक पार्कपाशी चहा पिता पिता म्हटलं तरी समोरच्या मित्राला सगळं कळतं. तेच वाक्य लेखात टाकलं, की ज्याने मालिका पाहिली नाही त्याच्या हाती काही लागत नाही आणि ज्याने पाहिली आहे तो भांडायला उठतो. खेळाडू व्हीआर (आभासी जगातल्या) गेममध्ये अडकतात, अशा जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांवर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं. खाली ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’चा २०१२ मधला पहिला सीझन हाताशी धरला आहे. तो बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि त्यात कौतुक करण्याजोगं जेवढं आहे, तेवढंच धारेवर धरण्याजोगंही आहे.

या प्रकारात पात्रांच्याही आधी नियम येतात. गेममध्ये मेलं तर काय होतं, बाहेर कसं पडायचं, कोण कोणाला मारू शकतं, हे मालिका सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढचा सगळा थरार त्या सांगण्यावर उभा असतो. म्हणून आधी नियम उतरवून काढायचे आणि मग मालिका ते पाळते का, हे भागागणिक तपासायचं. चित्रं देखणी, संगीत श्रवणीय, नायक भारी हे शेरे कुठल्याही अ‍ॅनिमेला चिकटवता येतात. या प्रकाराचा कस नियमांवरच लागतो.

पहिल्यांदा पाहताना काही लिहू नका. २५ भाग, प्रत्येकी साधारण २४ मिनिटं, म्हणजे जवळपास १० तास. एका बैठकीत रेटलं तर शेवटचे भाग झोपेत जातात आणि त्यांच्यावरचं मत तुमच्या थकव्याचं असतं. दोन शनिवार-रविवार घ्या. दुसऱ्या फेरीत पूर्ण मालिका पाहायची गरज नाही: भाग १, २, ३, १०, १४ आणि उत्तरार्धातले दोन-तीन भाग पुरतात. तेव्हा वहीत चार रकाने आखा: भाग व मिनिट, सांगितलेला नियम, प्रत्यक्षात घडलेली गोष्ट, शंका. मिनिट लिहायचा कंटाळा करू नका. लिहायला बसल्यावर ‘तो सीन कुठे होता’ हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

पहिल्या भागाचे नियम असे निघतात. ६ नोव्हेंबर २०२२, दुपारी १ वाजता गेम सुरू. १०,००० खेळाडू. १०० मजल्यांचा तरंगता किल्ला, आइनक्राड. शंभरावा मजला सर केला तरच सुटका. लॉग आउटचं बटण नाही. गेममध्ये जीव गेला किंवा बाहेरून कुणी डोक्यावरचं नर्व्हगिअर ओढून काढलं, तर ते यंत्र मायक्रोवेव्हने मेंदू जाळतं. घोषणा होते तोवर २१३ जण असे गेलेलेही असतात. मूळ कादंबरीत आणखी बारीक अट आहे: बाहेरची वीज १० मिनिटं किंवा इंटरनेट दोन तास बंद राहिलं, तरी शेवट तोच. (मे महिन्यात डीपी उडाल्यावर नागपुरात १० मिनिटांत लाइन कुठे येते, असा विचार इथल्या वाचकाच्या मनात येणारच. परीक्षणात अशी एखादी ओळ चालते, दोन नाही.)

यंत्राबद्दल दोन वाक्यं लिहाच, कारण लेख वाचणाऱ्यांत मुलांचे आईवडीलही असतात. आजचा व्हीआर हेडसेट फक्त डोळे आणि कान व्यापतो, तो हाताने काढून बाजूला ठेवता येतो. नर्व्हगिअर मेंदूकडून शरीराकडे जाणारे संदेश मध्येच अडवतं. खेळाडूचा खरा हात हलतच नाही, त्यामुळे स्वतःचं हेल्मेट स्वतः काढता येत नाही. एवढं सांगितलं नाही, तर ‘मग काढून टाकायचं ना ते’ या प्रश्नावरच वाचक थांबतो.

आता एक प्रसंग जवळून. परीक्षणात असा एक तरी प्रसंग हवा, आणि पहिल्या भागातला आरशाचा प्रसंग त्यासाठी उत्तम आहे. आकाश लाल षटकोनांनी भरतं, फटींतून रक्तासारखा द्रव ओघळतो आणि त्यातून चेहरा नसलेला लाल झगा तयार होतो. गेम बनवणारा कायाबा आकिहिको प्रत्येकाला ‘भेट’ म्हणून एक छोटा आरसा देतो. त्यात पाहताच गेमसाठी निवडलेलं रूप गळून पडतं आणि ज्याचा त्याचा खरा चेहरा येतो. काही मुलींच्या जागी पुरुष उभे असतात. हसू यावं असा क्षण, पण कुणी हसत नाही, कारण आता मरणार ते चित्र नसून हाच चेहरा असणार, हे चौकातल्या सगळ्यांना कळलेलं असतं. काही वेळापूर्वी क्लाइन हा खेळाडू साडेपाचला येणाऱ्या पिझ्झाबद्दल बोलत होता. हा उतार कसा घेतला आहे, हे लिहा. ‘पहिला भाग जबरदस्त’ लिहू नका.

नियम पाळल्याचं उदाहरण तिसऱ्या भागात मिळतं. नायक किरितो ज्या छोट्या गिल्डमध्ये (खेळाडूंच्या टोळीत) शिरतो, ते सगळे जातात, त्यातली साची ही मुलगीसुद्धा. मग मेलेल्याला परत आणणाऱ्या वस्तूची अफवा येते आणि तो त्यामागे वेड्यासारखा धावतो. वस्तू मिळते, पण ती मृत्यूनंतर १० सेकंदांच्या आतच चालते. लेखकाला इथे पळवाट काढता आली असती. त्याने नियम उलट अधिक घट्ट केला. दुसऱ्या भागातही तसंच. पहिल्या मजल्याचा बॉस (मजला राखणारा मोठा राक्षस) चाचणीच्या आवृत्तीत वाकडी तलवार काढायचा, इथे तो नोदाची ही लांब जपानी तलवार काढतो आणि जुन्या माहितीवर विसंबलेला दियाबेल हा खेळाडू मरतो. ज्याला आधीचं ठाऊक आहे तोही सुरक्षित नाही, हा नियम एका मरणाने पक्का होतो.

पुढच्या परिच्छेदात पूर्वार्धाचा शेवट फोडला आहे. तुमच्या लेखातही अशी सूचना त्या मजकुराच्या आधी द्या, लेखाच्या तळाशी नाही.

चौदाव्या भागात एका बलाढ्य गिल्डचा म्होरक्या हीथक्लिफ म्हणजेच कायाबा, हे उघड होतं. याची पेरणी प्रामाणिक आहे: दहाव्या भागातल्या किरितोशी झालेल्या द्वंद्वात तो अशक्य वेगाने ढाल फिरवतो आणि त्याचं एचपी (उरलेला जीव दाखवणारा आकडा) अर्ध्याखाली कधी जात नाही. पण पुढच्या काही मिनिटांत घर फिरतं. सगळ्यांना लकवा मारलेला असताना नायिका आसुना उठून मध्ये येते. किरितोचं एचपी शून्य झाल्यावरही त्याचा हात तलवार चालवतो. दोन्ही वेळा कारण एकच, मनाची ताकद. ते तुम्हाला भावलं असेल तर तसं लिहा, पण मग विचारा: साचीच्या वेळी १० सेकंदांवर अडून बसलेला गेम इथे का विरघळला? आमच्या मते याची तयारी मालिकेने केलेली नाही आणि शेवट डोळे ओले करत असला तरी कमकुवत आहे. तुमचं मत उलट असू शकतं, फक्त ते याच दोन दृश्यांवर उभं करा.

गतीबद्दल तक्रार सगळेच करतात, कारण फार थोडे देतात. कारण असं: रेकी कावाहारा यांच्या कादंबरीचा पहिला खंड थेट ७४व्या मजल्याच्या आसपास घडतो. मधल्या काळातल्या सिलिका, लिझबेथ, साची यांच्या गोष्टी नंतरच्या दुसऱ्या खंडात सुट्या कथा म्हणून आल्या. अ‍ॅनिमेने त्या घटनांच्या तारखांप्रमाणे आधी आणून ओळीत लावल्या. म्हणून दोन वर्षं १४ भागांत उरकतात, दर भागाला नवी मुलगी येते आणि पुढे फारशी दिसत नाही, आणि बॉसच्या मोठ्या लढाया पहिल्या, ७४व्या आणि ७५व्या मजल्यांवरच दिसतात. ‘पटकथा विस्कळीत आहे’ याऐवजी हे दोन ओळींत लिहिलं, तर वाचकाला दोष कुठून आला ते कळतं.

रंगरूपाबद्दल लिहिताना मृत्यू कसा दिसतो ते पाहा. राक्षस मरो की माणूस, दोघेही निळसर काचेसारखे फुटून विरतात. रक्त नाही, प्रेत नाही. त्यामुळे मरणाचं वजन चित्रातून न येता आवाजातून आणि उरलेल्यांच्या चेहऱ्यांवरून आणावं लागतं. युकी काजिउरा यांचं संगीत इथे काय करतं, हे हेडफोन लावून एकदा ऐका. दिग्दर्शक तोमोहिको इतो, स्टुडिओ ए-वन पिक्चर्स. यापुढे नामावळी नको.

उत्तरार्ध, म्हणजे भाग १५ ते २५, वेगळा मोजा. गेम बदलतो, त्यात मेलं तरी खरं कुणी मरत नाही, आणि आसुना पिंजऱ्यात बसून राहते. लैंगिक जबरदस्तीची दृश्यंही आहेत. हे परीक्षणात स्पष्ट लिहा, कारण लहान भावंडांसोबत मालिका लावणारे पुष्कळ असतात. पाचपैकी एकच गुण देऊन दोन्ही भागांची सरासरी काढली, तर ती दोन्हींबद्दल चुकीची ठरते. दोन आकडे द्या.

तुलना करायची तर एकाच मुद्द्यावर करा: इथे मरण म्हणजे काय? २००२ च्या ‘डॉट हॅक साइन’मध्ये त्सुकासाला लॉग आउट करता येत नाही, पण सारा भर लढाईपेक्षा त्याच्या एकटेपणावर आहे. ‘लॉग होरायझन’मध्ये मेलेला पुन्हा उठतो, मात्र आठवणींचा तुकडा गमावून. ‘ओव्हरलॉर्ड’चा नायक घरी परतायची फिकीरच करत नाही. ट्रकखाली येऊन दुसऱ्या जगात जन्म घेणाऱ्यांच्या मालिका या पंगतीत बसवू नका. तिथे परतायचा प्रश्न नसतो.

लांबी ६०० ते ७०० शब्द. कथासूत्राला १०० पेक्षा जास्त देऊ नका. नावं इंग्रजी सबटायटलवरून न उचलता कानाने ऐकून लिहा: जपानीतला त आपल्या त सारखा आहे, म्हणून किरितो, किरीटो नाही. एकदा ठरवलेलं रूप शेवटपर्यंत ठेवा. मालिका कुठे पाहता येते आणि हिंदी आवाज आहे का, हे लेख देण्याच्या दिवशीच तपासा. हे हक्क बदलत राहतात, आणि हिंदीत कार्टून पाहत वाढलेला नागपूरचा वाचक आधी तेच विचारतो.

२०१४ चा दुसरा सीझन आणि २०१८ पासूनचं ‘अ‍ॅलिसायझेशन’ याच लेखात कोंबू नका. २०२१ चा ‘प्रोग्रेसिव्ह’ चित्रपट मात्र एका ओळीत सुचवा: तो पहिल्या मजल्यावर परततो, आसुनाच्या बाजूने, आणि मालिकेने घाईत उरकलेल्या सुरुवातीला पूर्ण वेळ देतो.