कोळसा पाडायचाय? तयारी दिवाळीनंतरच

मुळशी-वेल्ह्याकडच्या शेतावर फेब्रुवारीत छाटणीच्या फांद्यांचा खड्ड्यात कोळसा पाडायचा असेल, तर फांद्या दिवाळीनंतर लगेच तोडून ठेवा. पुणे महापालिकेच्या हद्दीतलं झाड असेल तर ते स्वतःच्या अंगणातलं असलं तरी आधी परवानगी काढा. आणि भट्टी सोसायटीच्या आवारात नकोच. शहरात उघड्यावर जाळलं तर दंड होतो.

खरी तयारी वाळवणीची. ताज्या फांदीचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते उडवण्यातच आग खर्ची पडते आणि आपल्याला मिळतो धूर. फांद्या अंगठ्यापासून मनगटाएवढ्या जाडीच्या हव्यात, जाड असतील त्या उभ्या चिरा. विटांवर रचा, म्हणजे खालून वारा खेळेल. टोकांना भेगा पडल्या आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटून खणखणीत वाजले, की समजा झालं. प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर यातलं काहीही घालू नका. उसाचं पाचटही या खड्ड्यात नको, ते भुरकन जळून राख होतं. त्याला बंद डबे असलेली भट्टी लागते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला पाचटाच्या कोळशासाठीच 2002 साली अॅशडेन हा ब्रिटनमधला ऊर्जा पुरस्कार मिळाला होता.

खड्डा वर रुंद, खाली निमुळता खणा. भोवतीचं वाळलं गवत काढा, वारा पडलेला असेल तेव्हाच सुरुवात करा. आग वरून लावायची. वरची ज्वाळा हवा खाऊन टाकते, म्हणून खालचा थर जळून न जाता कोळसा होतो. निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाका. घाई केली तर धूर, उशीर केला तर राख. हे हाताला बसायला वेळ लागतो. सुती कपडे, चामडी हातमोजे, लांब दांड्याचं फावडं एवढं पुरे.

कोळसा विझवायला पाणी मात्र भरपूर हवं, निदान 200 लिटरचं एक पिंप काठोकाठ भरलेलं. 50 किलो सुक्या लाकडामागे 10-12 किलो कोळसा धरा. हा कोळसा शेगडीत वापरणार असाल तर उघड्यावरच. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. मातीत घालायचा तर आधी शेणखतात मुरवा. विझवल्यावर रात्रभर पसरून ठेवा आणि सकाळी ढीग उकरून बघा. आत कुठे ऊब लागली तर पुन्हा पाणी मारा. तसा कोळसा गोणीत भरू नका, गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही.