ग्रॅमचे मोल, मोलचे ग्रॅम: सुपारीच्या फवारणीवरून समजून घ्या

नववीत मोल पहिल्यांदा येतो, अकरावीत परत येतो आणि सीईटीला तर त्याच्याशिवाय पानच हलत नाही, तरी बरीच मुलं भागायचं की गुणायचं एवढंच पाठ करून जातात आणि ऐन पेपरात गडबडतात. पाठ करू नका. आपल्याकडे नारळ शेकड्यावर विकतात ना, आता शेकडा नारळ न्यायचे तर गाडी लागेल आणि शेकडा सुपाऱ्या पिशवीत मावतील, पण आकडा दोन्हीकडे १००च. मोल हा असाच मोजायचा आकडा आहे, फक्त अफाट मोठा, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. म्हणून एक मोल पाणी १८ ग्रॅम भरतं आणि एक मोल मीठ ५८.५ ग्रॅम, कण मोजले तर तेवढेच.

हे १८ किंवा ५८.५ म्हणजे मोलर वस्तुमान, एका मोलचे ग्रॅम. सूत्रातल्या सगळ्या अणूंची अणुवस्तुमानं मिळवली की ते मिळतं, मिठाचं बघा, सोडियम २३ आणि क्लोरीन ३५.५. आता हातात ग्रॅम असतील तर मोलर वस्तुमानाने भागा, मोल मिळतील. हातात मोल असतील तर गुणा, ग्रॅम मिळतील. एक किलो मिठाची पिशवी म्हणजे १००० भागिले ५८.५, जवळपास १७.१ मोल. झालं, एवढंच आहे. भागाकार सगळ्यांना येतो हो, गाडी अडते ती सूत्र वाचताना, म्हणून एक उदाहरण जरा सावकाश करूया.

श्रीवर्धन, मुरूड, गुहागर बाजूला ज्यांची सुपारीची वाडी आहे त्यांच्या घरी पावसाच्या आधी मोरचूद आणि चुना येतोच, सुपारीवर कोळेरोग पडू नये म्हणून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायला. प्रमाण सगळ्यांना तोंडपाठ असतं, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. वजन सारखं आहे म्हणजे मोल पण सारखे असतील असं वाटतं की नाही? करून बघू.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पण ते निळे खडे जे दुकानात मिळतात ना त्यात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे ५ रेणू अडकलेले असतात आणि तराजूवर ते पाणी पण मोजलं जातं. तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजनचे ६४, इथपर्यंत १५९.५. त्यात पाचा पाण्यांचे ९० मिळवा, २४९.५. मग १००० भागिले २४९.५ म्हणजे ४.०१ मोल. पाणी धरायचं विसरलात तर १५९.५ ने भागाल आणि उत्तर ६.२७ येईल, दीडपटीहून जास्त, आणि आकडा दिसायला इतका सरळ असतो की चुकलंय अशी शंकाही येत नाही. प्रश्नात खडे, स्फटिक किंवा स्फटिकजल असा शब्द दिसला की आधी पाणी किती ते बघा.

आता चुना. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, ४० अधिक १६, ५६. एक किलोचे १७.८६ मोल. पाण्यात विरवला की तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो आणि त्याच्या सूत्रात कंस आहे, कंसाबाहेरचे २ हे ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोघांनाही लागतात, म्हणजे ४० अधिक दोनदा १७, एकूण ७४. खूप जण इथे ४० अधिक १६ अधिक २ करून ५८ लिहितात, कंस दिसला की आतलं आधी मिळवा आणि मगच गुणा.

म्हणजे वजन किलोला किलो, पण मोरचूद ४ मोल आणि चुना जवळजवळ १८ मोल! अभिक्रिया वजन बघत नाही, ती संख्या बघते. साध्या समीकरणात मोरचुदाच्या एका मोलला विरवलेल्या चुन्याचा एक मोल पुरतो, म्हणजे ४.०१ मोल चुना, आणि आता उलटं जायचं, ४.०१ गुणिले ७४, साधारण २९७ ग्रॅम. कळीचा चुना मोजायचा असेल तर ४.०१ गुणिले ५६, साधारण २२५ ग्रॅम. मग किलोभर का घालतात? एक तर बाजारातला चुना शुद्ध नसतो, उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून त्याचं परत कॅल्शियम कार्बोनेट होत जातं, आणि दुसरं म्हणजे मोकळं तांबं शिल्लक राहिलं तर झाड भाजतं. म्हणून फवारायच्या आधी घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवतात, त्याच्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना हवा. मला ही परीक्षा फार आवडते, कुठला मोल जास्त उरलाय ते डोळ्यांना दिसतं.

बाकी सवयी छोट्याच आहेत. किलो किंवा मिलिग्रॅम दिले असतील तर पहिल्यांदा ग्रॅम करून घ्या. ऑक्सिजन वायू म्हटलं की ३२ धरायचे, १६ हे एका अणूचे. कणांची संख्या विचारली तर आधी मोल काढा आणि मग त्या अफाट आकड्याने गुणा, ग्रॅमवरून थेट उडी मारू नका. आणि उत्तर लिहायच्या आधी एक नजर, दिलेले ग्रॅम मोलर वस्तुमानापेक्षा कमी असतील तर मोल १ पेक्षा कमीच यायला हवेत, जास्त आले तर उलटं केलंय.

एक करून बघा. किनाऱ्यावरच्या शिंपल्या भाजून चुना करायची पद्धत आपल्याकडची जुनी. समजा ५० ग्रॅम शिंपल्या घेतल्या आणि त्या पूर्ण कॅल्शियम कार्बोनेटच आहेत असं धरलं. कॅल्शियम ४०, कार्बन १२, तीन ऑक्सिजनचे ४८, मिळून १००, म्हणजे ०.५ मोल. भाजल्यावर एका मोलमागे एक मोल कळीचा चुना आणि एक मोल कार्बन डायऑक्साइड, त्याचं मोलर वस्तुमान ४४. तर चुना ०.५ गुणिले ५६, २८ ग्रॅम, आणि हवेत गेला तो वायू ०.५ गुणिले ४४, २२ ग्रॅम. दोन्ही मिळवले की ५० भरतात, म्हणजे गणित बरोबर.